‘फौजा मागे घेण्यात आल्या’ की ‘मी फौजा मागे घेतल्या’: राष्ट्राध्यक्षांच्या दप्तरातून नागरिकशास्त्र

प्रश्न असा आहे: कॅन्सस सिटी परिसरातल्या एका मराठी शाळेची २४ मुले, वय ११ ते १५, मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या नावाच्या लायब्ररीत न्यायची आहेत. संग्रहालय बघून आणि फोटो काढून परत यायचे नाही. जुन्या कागदपत्रांतून मुलांना नागरिकशास्त्र कळावे, तेही शक्य तितके मराठीत. तयारी कशी करावी, वेळ किती लागतो आणि फसते कुठे?

आधी मुद्द्याचे सांगतो. प्रत्यक्ष फेरी दीड तासापेक्षा लांबवू नका. खरा वेळ त्याच्या आधीच्या रविवारी आपल्याच वर्गात, अडीच तासांच्या एका सत्राला द्या. त्या सत्राचा गाभा एवढाच: ज्या दिवशी निर्णय झाला त्या दिवशी टेबलावर जे कागद होते तेवढ्यावरच मुलांनी निर्णय घ्यायचा आणि खाली स्वतःच्या नावाने सही करायची. नकाशे, पोशाख, प्रश्नमंजूषा हे सगळे नंतरचे. सहीपाशी मुले अडखळतात आणि शिकण्याची जागा तीच असते.

मुलांचा पहिला गोंधळ ‘लायब्ररी’ या शब्दाचा असतो. इथून पुस्तके घरी नेता येत नाहीत. एका राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीतली पत्रे, टिपणे, तारा, फोटो, ध्वनिमुद्रणे आणि भेटवस्तू एका जागी जपलेल्या असतात आणि त्याला जोडून संग्रहालय असते. मराठीत सांगताना ‘दप्तर’ हा शब्द मुद्दाम वापरा. मुलांना तो पाठीवरच्या पिशवीसाठी माहीत असतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात तोच शब्द कारभाराच्या कागदांच्या रुमालांसाठी, म्हणजे गठ्ठ्यांसाठी, आहे. ट्रुमन यांचे दप्तर इंडिपेन्डन्सला, आयझेनहॉवर यांचे कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनला, केनेडींचे बोस्टनला. हूवर यांच्यापासून धाकट्या बुश यांच्यापर्यंत अशी १३ दप्तरे नॅशनल अर्काइव्ह्ज, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार, चालवते.

हे कागद कुणाचे, हा प्रश्न सत्राच्या सुरुवातीलाच विचारा. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हाइड पार्कला आपल्या कागदांसाठी इमारत उभारून ती सरकारच्या हवाली केली आणि १९४१ मध्ये ती लोकांना खुली झाली. १९५५ च्या कायद्याने तीच रीत पुढच्यांसाठी घालून दिली: इमारत देणग्यांतून बांधायची, चालवायची नॅशनल अर्काइव्ह्जने. कागद मात्र तेव्हा राष्ट्राध्यक्षाची खाजगी मालमत्ता समजले जात. ट्रुमन आणि आयझेनहॉवर यांनी ते आपणहून दिले. निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर हे बदलले. १९७४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून निक्सन यांचे कागद आणि टेप ताब्यात घेतले. मग १९७८ चा प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट आला आणि २० जानेवारी १९८१ पासून पदावर आलेल्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाचे कारभाराचे कागद देशाच्या मालकीचे ठरले. कारकीर्द संपून पाच वर्षे झाली की सामान्य माणूस ते माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली मागू शकतो. काही प्रकारच्या कागदांवर १२ वर्षांपर्यंत बंदी ठेवता येते. बारा वर्षांच्या मुलीलाही हे पाच मिनिटांत कळते: रूझवेल्टनी कागद दिले, निक्सनकडून ते घ्यावे लागले, आणि रेगन यांच्या वेळेपासून ते आपलेच आहेत.

यानंतर पहिला कागद काढा. सुरुवातीला मी नेहमी आयझेनहॉवर यांची एक चिठ्ठी सुचवतो, कारण ती लहान आहे आणि तिच्यातली खोडाखोड मराठी मुलांना चटकन बोलते. मूळ चिठ्ठी अ‍ॅबिलीनला आहे. स्कॅन नॅशनल अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावरून फुकट घेता येतो.

५ जून १९४४. नॉर्मंडीवर चढाई करण्याचा हुकूम सुटलेला होता. चढाई फसलीच तर जाहीर करायचे निवेदन सेनापतीने एका लहान पानावर पेन्सिलीने आधीच लिहून आपल्या पैशांच्या पाकिटात ठेवले. मजकूर चार वाक्यांचा. किनाऱ्यावर पाय रोवता आले नाहीत. या वेळी या जागी हल्ला करण्याचा निर्णय हाती असलेल्या उत्तम माहितीवर घेतला होता. सैनिकांनी, वायुदलाने आणि नौदलाने शौर्याची आणि कर्तव्याची शर्थ केली. दोष असेलच तर तो सर्वस्वी माझा. शेवटच्या शब्दांखाली ठसठशीत रेघ आहे.

आता खोडाखोड बघा. आधी त्यांनी ‘फौजा मागे घेण्यात आल्या आहेत’ अशा अर्थाचे लिहिले होते. ते खोडून केले, ‘मी फौजा मागे घेतल्या आहेत’. पुढच्या वाक्याची सुरुवात ‘ही विशिष्ट मोहीम’ अशी होती. ती खोडून ‘हल्ला करण्याचा माझा निर्णय’ असे केले. दोन्ही ठिकाणी बदल एकच: लपलेला कर्ता पुढे आला. मराठीत ही गोष्ट इंग्रजीपेक्षा जास्त उठून दिसते, कारण ‘करण्यात आले आहे’, ‘घेण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते’ ही आपल्या सरकारी कागदांची रोजची भाषा. मुलांच्या कानावर ती आजोबांच्या वर्तमानपत्रातून, भारतातल्या विमानतळावरच्या घोषणेतून पडलेली असते.

हा भाग २० मिनिटांचा. पहिली पाच मिनिटे कुणीही वाचायचे नाही, फक्त बघायचे: कागदाचा आकार, पेन्सिल की शाई, खोडलेले शब्द, तारीख. नॅशनल अर्काइव्ह्जने शिक्षकांसाठी केलेल्या कागद-वाचनाच्या तक्त्यांत चार पायऱ्या आहेत: कागदाशी ओळख, त्याचे भाग निरखणे, अर्थ लावणे, पुरावा म्हणून वापरणे. घाईत पहिल्या दोन गाळल्या जातात आणि मग मुले कागदाकडे धड्याच्या मजकुरासारखी बघतात. निरखणाऱ्या मुलाला तारखेची चूक सापडते: चिठ्ठीवर जूनऐवजी जुलै पडला आहे. ती चूक तुम्ही दाखवू नका. कुणाला सापडली तर ‘अशी चूक माणसाकडून केव्हा होते?’ एवढेच विचारा. त्यानंतर पुढची १५ मिनिटे खोडलेले आणि वर लिहिलेले दोन्ही मजकूर मराठीत आणायचे, जोडीजोडीने, फळ्यावर शेजारी शेजारी. भाषेचा तास आणि नागरिकशास्त्राचा तास इथे एकच होतो.

मुख्य सत्रासाठी विषय घ्या ट्रुमन यांचा २६ जुलै १९४८ चा कार्यकारी आदेश क्रमांक ९९८१, सैन्यातल्या वर्णभेदाबद्दलचा. अणुबॉम्बचा विषय मुलांना आणि पालकांना जास्त ओढतो, पण या वयात पहिल्याच सत्रात तो घेऊ नका. तिथे चर्चा ‘टाकावा की टाकू नये’ एवढ्यावर अडकते आणि सरकार कसे चालते हे बाजूला राहते. सैन्याच्या विषयात मात्र राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस, लष्कर, चळवळ, निवडणूक आणि वृत्तपत्रे ही सगळी एकाच खोलीत येतात.

घड्याळ २५ जुलै १९४८ च्या संध्याकाळी थांबवा. मुलांना एवढीच पार्श्वभूमी द्या: महायुद्धात लाखो कृष्णवर्णीय सैनिक लढले, पण वेगळ्या तुकड्यांत. २ फेब्रुवारीला ट्रुमन यांनी नागरी हक्कांचा कार्यक्रम काँग्रेसपुढे ठेवला, तो तिथे अडकला. जूनमध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा नवा कायदा झाला. जुलैच्या मध्यावर ट्रुमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातून दक्षिणेचे काही प्रतिनिधी उठून गेले आणि त्यांनी आपला वेगळा उमेदवार उभा केला. नोव्हेंबरात निवडणूक आहे. हे १५ मिनिटांत संपवा. याहून जास्त सांगितले तर मुले कागदांऐवजी तुमच्या सांगण्यावर निर्णय घेतात.

२४ मुलांची वाटणी अशी करा. राष्ट्राध्यक्ष आणि दोन सल्लागार मिळून तिघे, लष्कर ५, नागरी हक्क चळवळ ५, काँग्रेस ५, पत्रकार ६. प्रत्येक गटाला दोन-तीन कागद, त्याहून जास्त नाही.

लष्कराच्या गटाला १९४६ चे परिपत्रक द्या. लष्करी अधिकाऱ्यांच्या गिलेम मंडळाच्या शिफारशींवर आधारलेल्या या परिपत्रकात कृष्णवर्णीय सैनिकांचे प्रमाण १० टक्के धरले होते आणि वेगळ्या तुकड्या कायम होत्या. चळवळीच्या गटाला कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांची ३१ मार्च १९४८ ची सिनेट समितीपुढची साक्ष द्या. भेदभाव राहिला तर तरुणांना लष्करात जायला नकार देण्याचा सल्ला मी उघडपणे देईन, असे त्यांनी सिनेटरांना तोंडावर सांगितले, आणि त्यासाठी दाखला दिला तो ब्रिटिशांविरुद्धच्या भारतीय लढ्याचा. आपल्या मुलांना हे वाक्य स्वतः सापडू द्या. आधी सांगून त्याची मजा घालवू नका. त्याच गटाला राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या नागरी हक्क समितीच्या ऑक्टोबर १९४७ च्या अहवालातले सैन्याबद्दलचे पान द्या. काँग्रेसच्या गटाला २ फेब्रुवारीचा संदेश आणि त्यावर दक्षिणेतून आलेला विरोध.

राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर दोन कागद असे, जे बाकी कुणाकडे नाहीत. एक, ट्रुमन यांनी २० सप्टेंबर १९४६ रोजी अ‍ॅटर्नी जनरलना लिहिलेले पत्र. त्यात सैन्यातून नुकत्याच सुटलेल्या आयझॅक वुडर्ड या सार्जंटला दक्षिण कॅरोलायनात बसमधून उतरवून मारहाण झाली, त्याचे डोळे फोडले, ही हकिकत आहे. दुसरा, नोव्हेंबर १९४७ चे, ट्रुमन यांचे सल्लागार क्लार्क क्लिफर्ड यांच्या नावाचे निवडणुकीचे टिपण. त्यात दक्षिणेची मते हक्काची धरून चाला असा सल्ला आहे. पत्रकारांना फक्त त्या दिवशी जाहीर असलेले कागद मिळतात: अहवाल, संदेश, साक्ष. टिपण त्यांना मिळत नाही. सत्र संपताना ते त्यांच्या हाती द्या आणि बातमीत काय बदलले असते ते विचारा. सरकारी कागद उघडे असणे म्हणजे काय, ते तेव्हा कळते.

वेळ अशी पडते: दप्तराची ओळख आणि मालकीचा प्रश्न १० मिनिटे, चिठ्ठी २०, पार्श्वभूमी १५, कागद-वाचन ३५, बैठक २०, निर्णय आणि सही १०, पत्रकार परिषद २०, मागे वळून बघणे २०. एकूण १५० मिनिटे. कागद-वाचनानंतर खाऊसाठी १५ मिनिटे वेगळी धरा. त्या सुट्टीत गट एकमेकांचे कागद बघायला बघतात, तेव्हा पाकिटे गोळा करून ठेवा.

आता फसते कुठे ते.

पहिली फसगत म्हणजे निकाल आधीच ठाऊक असणे. कुणीतरी म्हणतेच, ‘पण ट्रुमननी सही केली ना, मग आपणही करू.’ म्हणून प्रश्न ‘भेदभाव थांबवावा का?’ असा कधीच विचारू नका. त्याचे उत्तर सगळे एका सुरात देतात आणि दोन मिनिटांत काम संपते. प्रश्न असा ठेवा: आज रात्री कोणता मार्ग? काँग्रेसकडून कायदा करून घ्यायचा, स्वतःच्या सहीने आदेश काढायचा, आणखी एक समिती नेमायची की नोव्हेंबरपर्यंत थांबायचे? आदेश काढायचा तर त्यात मुदत घालायची का? लष्करप्रमुखांनी टाळाटाळ केली तर काय? इथे चांगली मुलेही एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण उपयोगाचे असते.

दुसरी, भाषेची. या कागदांत त्या काळचे शब्द आहेत. काही आज कुणी तोंडात घेत नाही. ते सत्राआधी सांगा, पालकांनाही लिहून कळवा. असे शब्द कुणाकडूनही मोठ्याने वाचून घेऊ नका. वुडर्डची भूमिका कुणालाही देऊ नका आणि मारणाऱ्या पोलिसाचीही नाही. मुलांनी संस्थांच्या भूमिका घ्यायच्या, बळींच्या किंवा अत्याचार करणाऱ्यांच्या नाहीत. वेदना अभिनयाने कळत नाहीत. वर्गात हसू फुटते आणि ज्याला लागायचे त्याला लागते. ११-१२ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या पाकिटातल्या त्या पत्राचा फक्त हल्ल्याच्या वर्णनानंतरचा भाग ठेवा.

तिसरी, कागदाची लांबी. लहानांसाठी एका कागदातून १५० शब्दांपेक्षा जास्त उतारा घेऊ नका, मोठ्यांसाठी २५०. जिथे गाळले तिथे तीन टिंबे द्या आणि पूर्ण कागद टेबलावर ठेवा. शब्द सोपे करून कागद नव्याने टाइप केला तर तसे वर ठळक लिहा. मुलांच्या हातात मूळ म्हणून बनवलेला मजकूर जाणे हा या कामातला सर्वात वाईट अपराध आहे, कारण जे शिकवायला बसलो त्याच्याच उलट ते जाते. मराठी भाषांतर देताना इंग्रजी स्कॅन शेजारी हवाच.

चौथी, मोठी माणसे. मागे बसलेले आईबाबा उत्तरे देतात. त्यांना काम द्या: प्रत्येक गटाजवळ एक पालक, हातात कागद, आणि त्यांनी एकच गोष्ट नोंदवायची, कोणत्या मुलाने कोणत्या कागदाचा आधार दिला. बोलायचे नाही. राष्ट्राध्यक्ष झालेले मूल बहुतेक वेळा सर्वात बोलके असते, म्हणून त्याच्यावर बंधन: प्रत्येक गटाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय निर्णय जाहीर करायचा नाही.

पाचवी, वेळ. सगळीकडे उशीर होतो आणि कापले जाते ते शेवटचे ‘मागे वळून बघणे’. ते कापू नका. उशीर झाला तर पार्श्वभूमी पाच मिनिटांवर आणा, पत्रकार परिषद दहावर. शेवटची २० मिनिटे गेली तर मुलांच्या लक्षात नाटक राहते, कागद नाही.

त्या २० मिनिटांत खरा आदेश वाटा. तो जेमतेम दीड-दोन पानांचा आहे. मुलांना एक शब्द शोधायला सांगा: वेगळ्या तुकड्या ठेवण्याच्या पद्धतीला जो शब्द होता, ‘सेग्रिगेशन’. तो आदेशात कुठेच नाही. वंश, वर्ण, धर्म वा मूळ देश न बघता सर्वांना समान वागणूक आणि संधी, एवढेच म्हटले आहे. तेही ‘शक्य तितक्या लवकर’, कार्यक्षमतेला आणि मनोबलाला धक्का न लावता. अंमलावर नजर ठेवायला सात जणांची समिती. हा शब्द का टाळला असेल? आता मुलांकडे लष्कराचा कागद आहे, निवडणुकीचे टिपण आहे, साक्ष आहे. अंदाज ते पुराव्यावर करतात. मग पुढचे सांगा. फक्त कृष्णवर्णीयांची शेवटची तुकडी १९५४ मध्ये मोडली गेली, म्हणजे सही ते अंमल यांत सहा वर्षे गेली. आणि दक्षिण हक्काची धरा म्हणणारे टिपण चुकले. चार राज्ये ट्रुमन यांच्या हातून गेली, तरी ते निवडून आले.

इथेच पडताळणीचा धडा घ्या. वुडर्डबद्दल ट्रुमन यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये एका जुन्या मित्रालाही लिहिले. १९४६ च्या पत्रात डोळे फोडले असे आहे, मित्राच्या पत्रात ‘एक डोळा’; गावच्या महापौरावरचा ठपका दोन्हींत आहे. प्रत्यक्षात वुडर्डची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली आणि खटला चालला तो गावच्या पोलीसप्रमुखावर. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. एकच माणूस, एकच घटना, दोन पत्रे, दोन तपशील. राष्ट्राध्यक्षाच्या सहीचा कागद असला तरी तो दुसऱ्या कागदाशी लावून बघायचा असतो, हे यापेक्षा चांगले दुसऱ्या कशातून दाखवता येत नाही.

मराठी घरांत या विषयावर जातीची तुलना निघतेच, आणि ती दाबू नका. पण ती कागदाआधी नको. आधी १९४८ चा अमेरिकी कागद पूर्ण समजू द्या, तुलना शेवटी, आणि तीही कागदावरच. त्यासाठी एक खरा दुवा आहे. १९४६ मध्ये, वुडर्डवर हल्ला झाला त्याच वर्षी, डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. अस्पृश्यांच्या वतीने तसे काही करण्याचा विचार त्यामागे होता. ड्यू बॉइस यांनी जुलै अखेरीस उत्तर दिले. दोन्ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या संग्रहात आहेत आणि घरबसल्या वाचता येतात. १४-१५ वर्षांच्या मुलांना ही दोन पत्रे द्या, चर्चा भरकटत नाही.

प्रत्यक्ष भेटीबद्दल. ट्रुमन लायब्ररीत २००१ मध्ये व्हाइट हाउस डिसिजन सेंटर सुरू झाले, जिथे शाळांचे गट राष्ट्राध्यक्ष आणि सल्लागार होऊन खऱ्या कागदांच्या प्रतींवर निर्णय घेतात, मग पत्रकारांना सामोरे जातात. वर सांगितलेली पद्धत त्याच धाटणीची. तिथली जागा हवी असेल तर फोनवर चार गोष्टी विचारा: कोणत्या इयत्तेपासून, किमान किती मुले, कोणते विषय, आणि रविवारच्या शाळेला तारीख मिळेल का. न मिळाल्यास आपल्या वर्गातले सत्र पुरेसे आहे. संग्रहालय मग नुसते बघा.

बघताना प्रत्येक मुलाला फक्त तीन वस्तू द्या. त्यातली एक ट्रुमन यांच्या टेबलावरची पाटी, जबाबदारी इथेच येऊन थांबते अशा अर्थाची. ओक्लाहोमातल्या एका तुरुंगात ती बनवली होती. तिची मागची बाजू बघायला सांगा; तिथे ‘मी मिसुरीचा आहे’ असे लिहिले आहे, आणि टेबलामागे बसलेल्या राष्ट्राध्यक्षांना दिसायची ती हीच बाजू. आठवड्यापूर्वीची चिठ्ठी मुलांना इथे आपोआप आठवते. दुसरी वस्तू मुलांनी स्वतः निवडायची. तिसरी म्हणजे नसलेली वस्तू: या दालनात काय असायला हवे होते आणि नाही, ते लिहून आणायचे.

हे तिसरे काम सोडू नका. या इमारती देणग्यांतून उभ्या राहतात आणि राष्ट्राध्यक्षांच्या चाहत्यांची प्रतिष्ठाने त्यांच्या पाठीशी असतात, त्यामुळे दालन कुणाच्या नजरेने मांडले आहे हा प्रश्न नेहमी योग्यच असतो. निक्सन यांचे संग्रहालय आधी खाजगी होते. तिथली वॉटरगेटची मांडणी निक्सन यांची बाजू घेणारी होती. २००७ मध्ये ते नॅशनल अर्काइव्ह्जकडे आले आणि ३१ मार्च २०११ रोजी नवे दालन उघडले, टेप आणि मुलाखतींवर उभे केलेले. त्याआधी प्रतिष्ठानाशी बरीच ओढाताण झाली. डॅलसला धाकट्या बुश यांच्या संग्रहालयात प्रेक्षक चार निर्णयांवर मत देतात: इराकवरचा हल्ला, तिथे वाढीव फौजा, कॅटरिना वादळ, आर्थिक संकट. रचना छान आहे. पण कोणते सल्ले पडद्यावर येतात आणि कोणते नाहीत, हे मुलांनी तिथेही विचारायला हवे.

पुढच्या वर्षी मोठ्या मुलांसाठी भारताशी जोडलेले कागद घेता येतील. चीनशी युद्ध सुरू असताना १९ नोव्हेंबर १९६२ रोजी नेहरूंनी केनेडींना लिहिलेली, हवाई मदत मागणारी पत्रे केनेडी लायब्ररीत आहेत आणि ती कित्येक दशके गोपनीय होती. कागद बंद असतो तेव्हा घडीत (फोल्डरमध्ये) त्याच्या जागी एक नोंदपत्र ठेवतात: कुणाचे, कुणाला, तारीख, पाने किती, का बंद. ते नोंदपत्रही मुलांना वाचायला द्या. पत्र न वाचता त्याबद्दल किती कळते ते बघा. दुसरा, ६ एप्रिल १९७१ ची ढाक्याहून गेलेली तार. अमेरिकेच्याच वकिलातीतल्या २० जणांनी आपल्या सरकारच्या पूर्व पाकिस्तानविषयक धोरणाला त्यात लेखी विरोध नोंदवला आणि तिथले कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांनी ती पुढे पाठवली. नोकरीत राहून विरोध कसा नोंदवतात, तो कुठे जातो, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

शेवटी प्रतींबद्दल. मूळ कागद मुलांच्या हातात कुणी देत नाही आणि मागूही नका. सर्वात मोठा स्कॅन उतरवा, मूळ आकारातच छापा, दोन्ही बाजू घ्या, शिक्के आणि समासातल्या पेन्सिलीच्या खुणा कापू नका. चिठ्ठी मोठ्या कागदावर फुगवून छापली की तिचे पाकिटात मावणे हरवते. सरकारी नोकरांनी कामात लिहिलेल्या कागदांना कॉपीराइट नसतो; बाहेरच्या लोकांची पत्रे, वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांचे फोटो यांना असू शकतो, म्हणून ते वर्गापुरते ठेवा, मंडळाच्या स्मरणिकेत छापू नका. प्रत्येक प्रतीच्या मागे संग्रहाचे नाव, पेटी आणि घडी यांचे क्रमांक पेन्सिलीने लिहा. भेटीनंतर मुलांना स्वतःचा एक कागद मागवायचा असेल तर ईमेलमध्ये हेच लागते: कुणी कुणाला लिहिले, अंदाजे तारीख, संग्रह, पेटी, घडी. ‘ट्रुमन आणि भारत याबद्दल सगळे पाठवा’ अशा मागणीला याद्यांचा गठ्ठा येतो. ‘ऑक्टोबर १९४९ मधल्या नेहरूंच्या भेटीसाठी राष्ट्राध्यक्षांना दिलेले माहितीचे टिपण’ असे लिहिले तर अभिलेखपालाला नेमकी पेटी काढता येते. ईमेलखाली मुलाचे नाव असू द्या, शाळेचे नाही.